शनीच्या लोखंडाची अंगठी

कापूस वेचणीचे दिवस होते. देवळीजवळच्या आमच्या वावरात रविवारी भरदुपारी आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला आणि माझ्यापासून दहा हातांवर जमीन उडाली. शाळेत उल्का शिकवणारा विज्ञानाचा मास्तर मी, पण तोंडून निघालं फक्त "माय वं!"

खड्ड्यात नारळाएवढा काळा धोंडा होता. कानशीनं कडा घासली, तर आत चकचकीत लोखंड आणि त्यात खडीसाखरेसारखे हिरवट-पिवळे खडे. मी नागपूरच्या एका प्राध्यापकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, अर्धा दगड, अर्धं लोखंड अशी उल्का फार दुर्मिळ असते, परदेशातले संग्राहक तिच्या तुकड्यासाठी जीव टाकतात, ते स्वतः येईपर्यंत तिला विस्तव दाखवू नये. मायलाही मी हे बजावून ठेवलं. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

शनिवारी त्यांना आणायला मी वर्धा स्टेशनवर गेलो. त्यांना घेऊन घरी परतलो, तर पोत्याखाली झाकून ठेवलेला धोंडा नाही! माय ओसरीवर बसलेली, पुढ्यात लोहाराकडून आणलेलं टोपलं, त्यात काळा चुरा. तिच्या तळहातावर लोखंडाची अंगठी होती.

"शनीनं तुयावर नेम धरला होता," ती म्हणाली. "साडेसातीले लोक घोड्याच्या नालाची घालतेत. हे तं त्याचंच लोखंड हाये." आणि पाहुण्यासमोरच तिनं ती माझ्या बोटात सरकवली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "काय करून ठेवलं वं माय हे! साऱ्या दुनियेत..." प्राध्यापक टोपल्याशी उकिडवे बसले. एक तुकडा उचलला, पाहिला, खाली ठेवला.

"संपलं. आतली घडणच गेली," ते म्हणाले. मग माझ्या बोटाकडे पाहत, "निदान ती तरी द्या. निकेल तपासतो."

मी अंगठी उपसून त्यांच्या हातावर ठेवली. माय रडली नाही, भांडली नाही. तिनं प्राध्यापकांना एवढंच विचारलं, "दुसरा नाई पडणार, सांगता का?"

"असं सहसा होत नाही, आई."

"सहसा," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी वावरात निघालो, तर ती माझ्या पुढं. गुडघ्यानं अधू बाई, पांदणीच्या वाटेनं झपाझप चाललेली, नजर वर आभाळात. मी ओरडलो, "माय, खाली पाह्य, पडशीन ना!"

"तू मांगंच राह्यजो," ती म्हणाली. "पडन तं माह्या डोक्यावर पडू दे."