गळलेला एल

ताडपत्रांच्या फोटोंवरचे डाग पुसणारी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी मी कुंभकोणमला घरी बसून लिहिली होती. फोटो अवजड, म्हणून काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरमध्ये समांतर वाटून दिलं होतं. माझा थोरला भाऊ तिरुविडैमरुदूरच्या एका कॉलेजात शिकवतो. त्याने ती आपल्या लॅबमध्ये नेली आणि दुपारीच फोन केला. विद्यार्थ्यांसमोर तो तमिळच बोलतो. घरच्या मराठीत आला म्हणजे त्यांना कळू नये असं काहीतरी असतं.

“इथं त्याचं बिल्डच बनत नाही गं. इथल्या कंपाइलरला ते समांतर काय ते कळत नाही, काढून टाक.”

“काढणार नाही, अण्णा. हवं त्याने घ्यावं, नको त्याने सोडावं, असं करते.”

बोलून बसले. प्रत्येक लूपच्या वर #ifdef, म्हणजे ‘हे नाव दिलं असेल तरच’ अशी अट, खाली ती संपवणारं #endif, मध्ये तोच लूप दोनदा. थोड्याच दिवसांत माझंच लिखाण मला वाचवेना. शेवटी सगळ्या अटी एका हेडर फाइलीत नेल्या: समांतर हवं असेल तर तिथल्या मॅक्रोला, म्हणजे सूचनेच्या जागी वापरायच्या नावाला, अर्थ, नसेल तर तो रिकामा. बाकी कोडला त्याचा पत्ताही नाही. अण्णाची लॅब सुरू झाली. उत्साहाच्या भरात त्याने ते हेडर ‘नीटनेटकं’ही करून पाठवलं.

आणि माझ्या मशीनवर सगळं मंद! एक कोअर राबतोय, बाकीचे निवांत. मी थ्रेड तपासले, लॉक तपासले, कंपाइलर नव्याने टाकला, उन्हाळ्याला शिव्या दिल्या. रविवारी अण्णा जेवायला आला, त्याला पानावर बसू न देता स्क्रीनपुढे बसवलं. ओळी वाचता वाचता माझं बोट थांबलं. बिल्डच्या फाइलीत PARALLEL, त्याच्या हेडरमध्ये PARALEL.

“एक एल गळला, एवढंच ना?” अण्णा म्हणाला. “मग कंपाइलरने सांगायला नको?”

तेच तर! फंक्शनचं नाव चुकलं तर तो आकांडतांडव करतो. #ifdef पुढचं नाव चुकलं तर मात्र ‘हे नको असेल’ असं समजून मुकाट पुढे जातो.

त्याच दुपारी मी नियम बदलला. समांतर हवं तर एक, नको तर शून्य, प्रत्येकाने स्पष्ट लिहायचं. नाही लिहिलं तर बिल्ड थांबेल, कारण सांगून.

सोमवारी सकाळी फोन. “आता तर मुळीच बनत नाही!”

“स्क्रीनवर काय आलंय?”

“समांतर हवं की नको, ते सांगा.”

“मग सांग की!”

“सांगतोय ना. तुलाच तर सांगतोय.”

बस धरून गेले. त्याच्या फाइलीत शून्य लिहिलं, बिल्ड झालं. मागे अण्णा एका सहकाऱ्याला तमिळमध्ये समजावत होता, “माझी बहीण. तिचं काही ना काही बिघडतं, पण बोलावलं की लगेच येते.”

कॉफीला न थांबता मी निघाले.