कंपनीला मत कुठे आहे?

आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या फाटकासमोर एका पंक्चरवाल्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लढाईच्या दिवसांत आम्हाला डबल शिफ्ट, म्हणजे त्याला पंक्चरही डबल. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा दिसेपर्यंत तो एक शब्द बोलायचा नाही. दिसला की राजकारण सुरू.

"कंपनीला मत कुठे आहे, बाबूजी? मग ती निवडणुकीत पैसा काहून देऊन राहिली? घटनेतच बंदी पाहिजे."

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, म्हणून संसदेला पाठवायचा अर्ज मीच लिहिला, आणि चांगला लिहिला. त्यावर पहिली सही त्याला आपल्या बालमित्राची हवी होती, कारण मित्र निवडणुकीला उभा होता. मित्र आला तो एका विडी कंपनीच्या जीपमधून.

"सही करतो ना यार, पण निकाल लागल्यावर."

"अच्छा. मग मतही निकाल लागल्यावरच देतो."

जीप निघून गेली. तो बराच वेळ कोरड्या ट्यूबवरून हात फिरवत बसला.

मतदान करून परतला तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, कुणाला दिलं?

"त्यालाच. माणूस चांगला आहे तो. चांगला माणूसही त्या जीपमध्ये बसतो, म्हणून तर कायदा पाहिजे."