गोड आधी की तिखट?

छापखान्यात तिला सगळे झाकणताई म्हणत. नूडल्सच्या तयार वाटीवर जे चकचकीत झाकण असतं, ज्याचा कान धरून ते अर्धं उघडायचं आणि आत उकळतं पाणी ओतायचं, ती झाकणं या छापखान्यात छापली जात. ती तपासण्याचं काम गेली नऊ वर्षं तिच्याकडे होतं. पाचपाचशेच्या थप्प्या तिच्या टेबलावर येत. प्रत्येक थप्पीतून ती मधलीच दहा झाकणं ओढायची, पांढऱ्या दिव्याखाली धरायची आणि भिंग लावायची. मिरचीचा लाल रंग रेघेबाहेर केसभर जरी सांडला, तरी थप्पी परत.

"अगं, खाणारा झाकण फाडून फेकून देतो," मशीन चालवणारे काका कुरकुरायचे. "भिंगातून बघतंय कोण?"

"मी बघते ना," ती म्हणायची आणि पुढचं झाकण दिव्याखाली धरायची.

त्या आठवड्यात 'तिखट-गोड' चवीची झाकणं पुन्हा छपाईला आली होती. तीन मिरच्या, शेजारी मधाचा एक थेंब. हजारदा पाहिलेलं चित्र, पण त्या दिवशी तिचा हात थबकला. तीन मिरच्यांना एकच थेंब पुरतो? आणि पुरला, तर हे लागतं तरी कसं?

"काका, हे तुम्ही कधी खाल्लंय?"

"छे! छापूनच पोट भरलंय माझं."

तिने कापणीवरच्या बाईला विचारलं, गठ्ठे बांधणाऱ्याला विचारलं, दारावरच्या पहारेकऱ्यालाही विचारलं. कुणीच खाल्लं नव्हतं. एवढ्या वर्षांत लाखो झाकणं हाताखालून गेली आणि झाकणाखाली काय आहे ते एकालाही ठाऊक नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं, आणि घरी जाताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन वाट्या घेतल्या.

घरात तिघंच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत नंबर जोडून देण्यात गेलेली, त्यामुळे कुणी अघळपघळ बोललं की त्या मध्येच तोडायच्या, "नेमकं सांगा." सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने तीन वाट्या टेबलावर मांडल्या, पाणी ओतलं आणि झाकणांवर बशा ठेवल्या.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "आणि खाऊन झालं की दहापैकी मार्क द्यायचे."

"माझी परीक्षा आहे की नूडल्सची?" नवऱ्याने विचारलं.

झाकणं निघाली. तांबूस रस, जाडसर शेवया, वर तीळ. नवऱ्याने दोन घासांतच निकाल लावला, "आठ. नाही, साडेसात. रस जरा पातळ आहे." सासूबाईंनी एक शेवई उचलली, चघळली आणि म्हणाल्या, "तीन." मग मान खाली घालून त्या जे खायला लागल्या, ते वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंब संपेपर्यंत.

"आई, तीनच दिले होते ना?"

"मार्क चवीला दिले. भुकेला कुठे दिले?"

ती स्वतः मात्र सावकाश खात होती. पहिला घास गोड. नुसता गोड, लहान मुलाच्या औषधासारखा. ती हिरमुसली. तेवढ्यात घशाखाली कुठेतरी काडी पेटली आणि कानशिलं गरम झाली. तिने दुसरा घास घेतला आणि मनात आकडे मोजले. सातपर्यंत गोड, आठला तिखट. तिसरा घास, पुन्हा सात आणि आठ. तिला भलतीच गंमत वाटली. नाकातून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"म्हणजे झाकणावर उलटं छापलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी गोड येतं. तिखट मागून."

"मग सांग की त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "चुकीचा नंबर लागला तर लावणाऱ्याला सांगायला नको?"

चार दिवसांनी नूडल्सच्या कारखान्यातल्या बाई रंग पास करायला आल्या. त्यांनी झाकण उजेडात धरलं. "ठीक आहे ना?"

"रंग चोख आहे," झाकणताई म्हणाली. "नाव उलटं आहे."

काकांनी कपाळावर हात मारला. तिने मात्र सात आकड्यांचं सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मोजलंत?" त्यांनी विचारलं. "शनिवारी आमच्याकडे येऊ शकाल? आम्ही बाहेरच्या बारा जणांना चव बघायला बसवतो."

शनिवारी ती गेली आणि पहिल्या पावलालाच गडबडली. एकेका माणसापुरते खण, खणात लाल दिवा. त्या उजेडात रस तांबडा की काळा, काही कळेना. रंग बघून मत बनू नये म्हणून ती व्यवस्था होती. पण तिची सगळी हुशारी डोळ्यांत! समोर तीन छोट्या वाट्या ठेवल्या: दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी ओळखायची. तिने पहिलीवर बोट ठेवलं. वेगळी तिसरी होती.

तिचा चेहरा पडला. "माझं काम नाही हे," ती उठत म्हणाली.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "उत्तर शोधू नका. काय वाटतं आणि कधी वाटतं, तेवढंच लिहा."

मग दोन वाट्या आल्या, 'क' आणि 'ख'. कागदावर आवडीचे एक ते नऊ आकडे. तिने पाण्याने चूळ भरली, डोळे सरळ मिटून घेतले आणि मोजायला लागली. 'क'मध्ये ओळखीची चाल: सातपर्यंत गोड, मग काडी. 'ख'मध्ये तिखट जिभेवर पडताक्षणीच चढलं, आणि ते ओसरल्यावर गोडवा मागे रेंगाळत राहिला, जाता जाईना. तिने 'क'ला आठ दिले, 'ख'ला पाच, आणि खाली लिहिलं, "ख ला चिकट पाहुण्यासारखं उठायचं कळत नाही."

महिन्याभराने बाईंचा फोन आला. कारखान्याने 'ख' निवडला होता. बारातल्या नऊ जणांना तोच आवडला होता. यापुढे वाटीत तोच जाणार.

"म्हणजे मी चुकले."

"आवडीत चूक कसली? पण कोणती चव कधी येते, हे बारा जणांत तुम्हीच लिहिलंत. पुढच्या शनिवारी आंबट आहे. याल?"

"आणि झाकणावरचं नाव?"

"तिखट-गोड. आता बरोबरच आहे की!"

ती मोठ्याने हसली. सासूबाईंनी पलीकडून विचारलं, काय झालं? तिने सगळं सांगितलं.

"हे आंबट," सासूबाईंनी विचारलं, "नेमकं कुठलं? दातांना लागतं ते, की गालांना?"

"बघून सांगते," ती म्हणाली.