आज काय न्हाय दिसलं

भिगवणच्या शमशादचाचीची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवताना मी तिची सहा वर्षांची रोजनिशी जुन्या जागीच विसरलो. विसरलो कसला, ती वेगळी उचलावी लागते हे मला ठाऊकच नव्हतं. बारामतीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे आणि दारावर ‘सर्व कामे खात्रीशीर’ अशी पाटी आहे. पाटी मीच रंगवलेली.

चाची उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवायची. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागोमाग शहरातले कॅमेरेवाले. त्यांना पाण्यात नेणाऱ्यांत बाईमाणूस ती एकटीच. नवरा गेल्यावर दिराने होडी विकायला काढली, तर ही होडीत जाऊन बसली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, “घ्यायची तर माझ्यासकट घ्या.” गिऱ्हाईक गेलं ते परत काही आलं नाही.

तिच्या सुनेने, रेश्माने, पुण्याच्या एका कंपनीकडून वेबसाइट करून घेतली होती. त्यात ‘आज काय दिसलं’ असं एक पान होतं. होडी बांधली की चाची फोन तोंडाशी धरून बोलायची आणि फोन ते लिहून घ्यायचा. “रोहित पन्नासेक. पळसदेवाच्या अंगाला. वारा लई, टोप्या सांभाळा.” आणि एखाद्या दिवशी नुसतं, “आज काय न्हाय दिसलं. येऊ नका, घरी बसा.” लोकांचा तिच्यावर विश्वास होता तो या दुसऱ्या वाक्यामुळे.

कंपनीला नेमकं तेच खपेना. त्यांनी तिला न विचारता वर ठळक अक्षरांत टाकलं, ‘रोहितदर्शनाची हमी’. चाचीने फोन लावला.

“हमी कशी देता तुमी? पाखरं तुमच्या पगारावर हायती व्हय?”

“मावशी, यातलं तुम्हाला कळत नाही. वेबसाइट आमच्या जागेवर आहे. पटत नसेल तर दुसरीकडे न्या.”

“नेते की!” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने माझ्या क्लासवर हजर झाली. “मास्तर, बिऱ्हाड हलवायचंय.”

होस्टिंग म्हणजे वेबसाइटला राहायला भाड्याने घेतलेली जागा. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं. “दोन तासांचं काम,” मी म्हणालो. असलं काम आधी एकदाच केलं होतं, माझ्याच क्लासच्या वेबसाइटचं. ती माझ्याशिवाय कोणी बघत नव्हतं. चाचीची सगळी चित्रं, होडीचे फोटो, फोन नंबर मी नव्या जागी मांडले. पहिलं पान झकास दिसलं. मग कंपनीला पत्र धाडलं, जुनी जागा बंद करा. वर ‘तुमच्या सेवेची गरज उरलेली नाही’ असं एक झणझणीत वाक्य जोडलं. ते वाक्य मी बायकोलाही वाचून दाखवलं.

चाचीचा मात्र आपल्या माणसाच्या शब्दावर कधीच भरवसा नसायचा. “घरच्याला कालवण ग्वाडच लागतं. वाटसरूला इचारावं.” तिने हायवेवरच्या हॉटेलात जेवायला थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला वेबसाइट उघडायला लावली. संध्याकाळी मला फोन.

“मास्तर, समदं घर आणलंसा. चूल कुठं हाय?”

‘आज काय दिसलं’ हे पान पांढरंफटक होतं. चित्रं एका जागी असतात आणि रोज लिहिलेला मजकूर वेगळ्या कोठारात, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. कंपनी म्हणाली, “तुम्हीच बंद करा म्हणालात. पत्र आहे आमच्याकडे.” मी चाचीला म्हणालो, जाऊ द्या, नव्याने सुरू करू.

“सा वर्सं म्या खरं बोलले. ते तुमी एका कागदानं पुसणार? चला पुण्याला.”

ती निघाली ती चिलापी मासळीची पाटी घेऊन. कंपनीचं ऑफिस म्हणजे काचेचं दार, गार एसी, पांढरा सोफा. सोफ्यावर चाची, पायाशी मासळी, आणि शक्य तितका लांब मी.

“साहेब मीटिंगमध्ये आहेत,” काउंटरवरची मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणाली.

“असू द्या. मला घाई न्हाय. मासळीला हाय.”

अर्ध्या तासात मीटिंग आटोपली. पुसलेल्या मजकुराची एक प्रत त्यांच्याकडे काही दिवस राहते, हे साहेबांना आठवलं. पेन ड्राइव्ह त्यांनी स्वतः आणून दिला, हात पूर्ण लांब करून. चाची हलेना. “आदी ‘न्हाय दिसलं’ दाखवा.” साहेबांना शोधून दाखवावं लागलं. एक नाही, पाच नोंदी दाखवल्या, तेव्हा ती उठली. जाताना पाटी वॉचमनपुढे ठेवली. “वाटून घ्या. साहेबास्नी सांगा, ताजी हाय. ही हमी माझी.”

गेल्या हिवाळ्यात चाची गेली. शेवटची नोंद तिने दवाखान्यातल्या खाटेवरून बोलली होती, “आज म्याच न्हाय गेले. रोहितांचं ठावं न्हाय.” ती नोंद अजून तिथेच आहे. आता होडी रेश्मा चालवते, पानही तीच लिहिते, आणि नाही दिसलं तर नाही दिसलं असंच लिहिते.

मागच्या महिन्यात नव्या होस्टिंगवाल्यांनीही कुरबुर सुरू केल्याचं कळलं. मी भिगवणला गेलो. चहा घेत म्हणालो, “काळजी नको. आता मला अनुभव आहे. फक्त पासवर्ड दे.”

रेश्मा कप उचलत म्हणाली, “अम्मी दोनच गोष्टी सांगून गेल्यात, मास्तर. होडीला दरसाल डांबर लावायचं, आन् तुमाला पासवर्ड द्यायचा न्हाय.”