मागे राहिलेला जनरल

डेन्मार्कमधल्या बेल्ट या सामुद्रधुनीचं पाणी जिथे इतकं अरुंद होतं की समोर फ्यून बेटावर कुत्रं भुंकलं तर जटलंडच्या काठावरचं त्याला उत्तर देई, तिथे सिसेल लग्न होऊन आली. नवरा लाउरिट्स नावाडी होता. गुरं, धान्य, पाद्री, नवऱ्या मुली, सगळं त्याच्याच पडावातून पलीकडे जायचं. माणूस बोलका. वाऱ्याला शिव्या देत वल्हं मारायचा आणि घरी आल्यावर बायकोला म्हणायचा, "तुला नाही गं, त्या वाऱ्याला दिल्या."

लग्नाला दोन वर्षं होताहेत तोच स्वीडनची फौज दक्षिणेकडून जटलंडात घुसली. नाताळ होऊन पंधरा दिवस झाले होते. काठावर पळून आलेल्या लोकांची ही गर्दी उसळली. त्यांत ऐंशी घोडेस्वार घेऊन एक कप्तान आला, एस्के विट्केर. जर्मनीतल्या लढाया करून नुकताच परतलेला, अंगात उंची कोट, आवाजात जरब. त्यानं लाउरिट्सला सांगितलं, "आधी माझे घोडे. मग तुझी माणसं. शब्द देतो."

लाउरिट्सनं चार खेपांत घोडे पोचवले. चौथ्या खेपेला कप्तान स्वतः गेला. सिसेल सासऱ्याचा हात धरून इकडच्या वाळूवर उभी होती. पडाव आता वळेल, मग वळेल, म्हणून ती पाहत राहिली. पडाव वळला नाही. थोड्या वेळानं पलीकडे धूर निघाला.

तिथे काय झालं ते तिला लाउरिट्सबरोबर पलीकडे गेलेल्या वल्हेकरी आनर्सनं सांगितलं, तेही पुढच्या वर्षीच्या वसंतात, तह जवळ आल्यावर. पडाव शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून कप्तानानं ते जाळायचा हुकूम दिला. लाउरिट्स म्हणाला, "माझी बायको आहे पलीकडे." कप्तान म्हणाला, "बायका पुष्कळ मिळतात." लाउरिट्सनं एक लहान होडी पाण्यात ढकलली आणि वल्हं उचललं. कप्तानानं पिस्तूल काढून त्याच्या पाठीत गोळी घातली. मग हातमोजे चढवले आणि जेवण कुठे मिळेल म्हणून विचारलं.

"हातमोजे चढवले?" सिसेलनं विचारलं.

"हो. थंडी होती ना," आनर्स खाली बघत म्हणाला.

सासरा त्याच दिवशी वाळूवर शत्रूच्या हातून मारला गेला होता. सिसेल जगली ती शत्रूच्या छावणीत भाकऱ्या भाजून आणि आणखी जे सोसावं लागलं ते सोसून. त्याबद्दल ती कधी कोणाशी बोलली नाही. तह झाला तेव्हा एकवीस वर्षांची विधवा सरकारी अंमलदारापुढे उभी राहिली आणि नवऱ्याचा धंदा आपल्या नावावर मागून घेतला. अंमलदार हसला. "बाईमाणसाला सुकाणू झेपेल?" ती म्हणाली, "बसून बघा." त्यानं बसून बघितलं, भिजला, आणि सही केली.

पुढची बारा वर्षं तिनं सुकाणू धरलं आणि एस्के विट्केरची खबर ठेवली. पडावात बसणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची. कप्तानाचा मेजर झाल्याचं तिला घोड्यांच्या व्यापाऱ्यानं सांगितलं. मेजरचा कर्नल झाल्याचं एका न्हाव्यानं. कर्नलनं थोरामोठ्यांच्या घरातली मुलगी केली, मग परक्या राजांची चाकरी करायला पुन्हा जर्मनीत गेला, तिथे एक शहर लुटलं आणि धर्मनिष्ठ म्हणून नाव कमावलं.

"काकू, त्याची सासूसुद्धा इतकी चौकशी करत नसेल," एक फेरीवाला म्हणाला.

"सासूला तो जिवंत नको असेल. मला हवाय," सिसेल म्हणाली.

प्रत्येक बढतीला ती चिडायच्या ऐवजी खूश व्हायची. आनर्सला हे कळेना. ती सांगायची, "अरे, कप्तान असताना मेला असता तर कोणाला कळलंही नसतं. चढू दे. उंचावरून पडलेलं गावभर ऐकू जातं."

सोळाशे सत्तावन्न साली पुन्हा युद्ध पेटलं आणि पुन्हा स्वीडनची फौज जटलंडात आली. तोवर विट्केर जनरल झाला होता. दक्षिणेत मार खाऊन तो उन्हाळ्याच्या शेवटी तीनशे माणसं घेऊन बेल्टच्या काठावर पोचला. निम्मी माणसं जखमी. इतर नावाडी आधीच पळाले होते. सिसेल मात्र धक्क्यावर पडाव बांधून बसली होती.

जनरल सुटला होता, केस पांढरे झाले होते, पण जरब तीच. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखायला त्यानं तिला कधी पाहिलं तरी कुठे होतं?

"घोडे आणि माझ्या पेट्या आधी," तो म्हणाला.

"साहेब, प्रवाह बघा," सिसेल शांतपणे म्हणाली. "या ओढीत घोडे बिथरले तर पडाव उलटेल. प्रवाह फिरायला दोन तास आहेत. तोवर जखमी नेते. ते बिचारे कुठे बिथरणार."

ओढ होती, पण इतकी नव्हती. आनर्सनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून वल्हं उचललं.

तिनं सहा खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला जनरल पुढे आला. "आता मी येतो."

सिसेल मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या ना साहेब. फक्त या पाय तुटलेल्यांना खाली उतरवून ठेवा, म्हणजे तुम्हाला जागा होईल."

शिपाई बघत होते. जनरल लाल झाला आणि म्हणाला की सेनापती शेवटीच जातो. तिला हेच हवं होतं.

सहावी खेप पलीकडे उतरली तेव्हा इकडच्या टेकडीवर स्वीडनचे स्वार दिसू लागले. काठावर तीसेक शिपाई, घोडे आणि जनरल उरले होते.

आनर्स म्हणाला, "इथेच थांबू. झालं तुझं काम."

सिसेलनं त्या तीस माणसांकडे पाहिलं. पडाव आता वळेल म्हणून तेही वाट बघत असणार, त्या हिवाळ्यात तिनं बघितली होती तशी. "ते तीस माझे कोणी वैरी नाहीत," ती म्हणाली. "वल्ही मार."

पडाव काठाला लागताच शिपाई पाण्यात धावले आणि चढले. सगळ्यांच्या मागे जनरल, कमरेइतक्या पाण्यात, एक हात पुढे केलेला, दुसऱ्या हातात पाण्याच्या वर उंच धरलेलं पिस्तूल. सिसेलनं वल्हं त्याच्या छातीला टेकवलं.

"जागा आहे साहेब. पण तुमच्यासाठी नाही. मी लाउरिट्सची बायको. त्या हिवाळ्यात तुम्ही पाठीत गोळी घातलीत ना, त्या नावाड्याची."

जनरलला आठवायला वेळ लागला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं जोरात ढकललं. तो पाण्यात बसला. पडावात तीस शिपाई होते. एकानंही हात दिला नाही. म्हातारा सार्जंट शांतपणे दुसरीकडे बघू लागला. मागून जनरलच्या पिस्तुलाचा बार झाला आणि सिसेलच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तिनं उजव्या हातानं सुकाणू धरलं आणि पलीकडे पोचेपर्यंत मागे वळून, स्वार जनरलला कॉलर धरून बाहेर काढत होते ते डोळे भरून पाहिलं.

तह झाल्यावर तो सुटून आला. त्यानं तिच्यावर फिर्याद केली, चौकशी बसली. सार्जंटनं शपथेवर सांगितलं, "जनरलसाहेब स्वतःच म्हणाले की मी शेवटी जाणार. फार शूर माणूस." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. चौकशी करणाऱ्यांनी जनरलचं कौतुक केलं. हे खोटं आहे म्हणायचं तर मला माणसांच्या आधी पळायचं होतं हे कबूल करावं लागणार, म्हणून तो गप्प बसला. पण शत्रूनं पाण्यातून उपसून काढलेल्या सेनापतीला राजानं पुन्हा फौज दिली नाही. राजधानीत मुलंसुद्धा त्याला 'ओला जनरल' म्हणत.

चार वर्षांनी तो आपल्या जमीनदारीवर वारला. बातमी पाद्रीबाबांनी पडावातच सांगितली. "सिसेल, आता तरी त्याला क्षमा कर."

"फार दिवस अंथरुणात होता का, बाबा?"

"तीन महिने. फार हाल झाले."

"थोडेच झाले," सिसेल म्हणाली. 

त्या दिवशी पडावात दोन वासरं होती आणि मालकानं त्यांचे पाय नीट बांधले नव्हते. पलीकडे पोचेपर्यंत सिसेल त्याला त्यावरूनच बोलत होती.