निम्म्या वजनाचं पिस्तूल

दसऱ्याच्या सकाळी शस्त्रपूजेला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी बायको सुमन. पाटावर कोयता, कात्री आणि माझं परवान्याचं नवं पिस्तूल मांडलं होतं. वडिलांचं पोलादी रिव्हॉल्वर किलोच्या वर भरायचं. हे पॉलिमरचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं, वजनाला जेमतेम निम्मं. हातात छान बसतं, घामाने गंजत नाही.

पूजा आटोपली. सुमनने पाटावरची कात्री उचलली आणि त्याच हाताने पिस्तूलही.

"अगं!"

"रिकामंच आहे ना? आणि केवढं हलकं! खेळण्यातलं वाटतं."

रिकामं होतं, मी दोनदा पाहिलं होतं. पण जुन्याला तिने कधी बोट लावलं नव्हतं. "अहो, तुमचं ते धूड आधी हलवा," म्हणायची. वजन गेलं आणि त्याच्याबरोबर धाकही गेला. घरात तो धाक हवाच.

दुसऱ्याच दिवशी जाड पोलादी पेटी भिंतीत बसवून घेतली.

"साहेब, प्लास्टिकला एवढं लोखंड?" मापासाठी पेटीत ठेवलेलं पिस्तूल पाहून वेल्डर हसला.

"पिस्तुलातलं जेवढं कमी झालंय, तेवढं पेटीत असू दे," मी म्हणालो, आणि त्याचे साडेचार हजार तिथल्या तिथे चुकते केले.