परक्या तळहातांचा मिस्त्री

भालकीत आमच्या अप्पांनी पिठाची गिरणी घातली, तेव्हा इंजिन बसवायला हैदराबादेहून एक मिस्त्री आला. डोक्यावर रुमी टोपी, कानात अत्तराचा फाया आणि तेलाचा डाग कधी न पाहिलेले हात.

नवं इंजिन चालवून बेरिंगांवर तळहात ठेवायचा आणि ती तापतात का ते बघायचं, अशी रीत. मिस्त्रीनं ती काटेकोर पाळली. फक्त तळहात आमचे वापरले. आधी माझा भाजला, मग अप्पांचा, मग पूजेला आलेल्या जंगमस्वामींचा.

अप्पा वैतागून म्हणाले, "मिस्त्री, तुमी कामून हात लावंना गेलाव?"

"तुम्हारे हाथां नाजूक हैं, अप्पा," तो गोड हसला. "नया बेरिंग है. अपने आप ठंडा होता."

मग तूप-पोळी हाणून तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. ज्वारीच्या टोपल्या घेऊन बाया दारात उभ्या होत्या, तोच इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. बाया घरच्या जात्याकडे वळल्या.

सकाळी अप्पांनी भीत भीत बेरिंगवर हात ठेवला. मिस्त्री शब्दाचा पक्का निघाला. बेरिंग गारेगार होतं.